किल्ली कुणाच्या खिशात?

सुपरवायझर शपथेवर सांगत होता, ‘‘साहेब, आम्ही सगळ्या कामगारांना बजावून ठेवले होते. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा. निष्काळजीपणा त्याचाच आहे.’’

उलटतपासणीला मी उभा राहिलो. ‘‘त्याने मेन स्विच बंद केला होता, असे तुम्हीच पोलिसांना जबाबात सांगितले आहे. खरे ना?’’

‘‘हो. बंद केला होता.’’

‘‘मग चालू कोणी केला?’’

‘‘दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने. आत कोणी काम करतोय हे त्याला माहीत नव्हते.’’

‘‘त्या स्विचच्या हँडलला कुलूप लावायची सोय होती?’’

‘‘भोक होते.’’

‘‘आणि कुलूप?’’

‘‘नव्हते.’’

एवढेच मला हवे होते. मागच्या बाकावर माझा पक्षकार बसला होता. वय बावीस. शर्टाची उजवी बाही मनगटापासून मोकळी लोंबत होती. प्लॅस्टिकचे भंगार दळणाऱ्या ग्राइंडरच्या पात्यांत अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला होता. जाण्याआधी भिंतीपलीकडे जाऊन स्वतः स्विच पाडला होता. त्याला शिकवले होते तेवढे सगळे त्याने केले. पाळी बदलली, नवा ऑपरेटर आला. त्याला स्विच पडलेला दिसला. आधीची पाळी बंद करून गेली असेल असे त्याला वाटले. त्याने स्विच वर केला आणि हिरवे बटण दाबले.

या घटनेत खलनायक शोधायला गेले तर सापडत नाही. ऑपरेटरही आपल्यासारखाच पोटासाठी आलेला. तो आजही त्या मुलाच्या घरासमोरून जाताना मान खाली घालतो. पण दोष सापडतो, आणि तो लोखंडाच्या त्या हँडलमधल्या मोकळ्या भोकात सापडतो. काही शे रुपयांचे एक कुलूप त्या भोकात असते आणि त्याची किल्ली त्या मुलाच्या खिशात असती, तर हा खटला उभाच राहिला नसता.

या खटल्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. तेव्हापासून वस्त्यांतल्या बैठकांत, कामगारांच्या मेळाव्यांत मी एक प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करताना स्विच बंद करतात का? सगळे हात वर होतात. कुलूप लावतात का? दोन-तीन हात वर होतात, तेही मोठ्या कंपनीत कायम असलेल्यांचे. मग तिसरा प्रश्न विचारतो. किल्ली कुणाकडे असते? तेव्हा उत्तर येते, ‘‘सुपरवायझरसाहेबांकडे.’’ म्हणजे ज्याचा हात पात्यात, त्याच्याकडे किल्ली नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याचा हात पात्यात नाही.

आजचा विषय हाच आहे. विजेचा स्विच नुसता बंद करून भागत नाही. तो बंदच राहील याची सोय कधी करायची, कशी करायची आणि कोणी करायची, हे आपल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे. कारण ज्यांना हे ठाऊक नसते त्यांच्या जिवावर बेततेच, वर कोर्टात त्यांनाच निष्काळजी ठरवले जाते.

आधी एक गैरसमज दूर करू. लाल बटण दाबले की मशीन थांबते, म्हणजे वीज गेली असे अनेकांना वाटते. तसे नसते. लाल बटणाने स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर सुटतो, मोटार थांबते. पण स्टार्टरपर्यंत वीज आलेलीच असते. कॉन्टॅक्टरचे टोक जळून चिकटले, बटणाच्या वायरी एकमेकींना लागल्या किंवा कोणी हिरव्या बटणावर बोट ठेवले, की मोटार पुन्हा फिरते. आणीबाणीचे ते मोठे लाल मशरूम बटणही त्याच जातीचे. ते धावते मशीन थांबवण्यासाठी आहे, उघड्या मशीनमध्ये शिरण्यासाठी नाही. वीज खरोखर तोडतो तो मेन स्विच किंवा आयसोलेटर. त्याची पाती तारेपासून प्रत्यक्ष दूर होतात, मध्ये हवेची फट पडते. कुलूप लावायचे ते इथे, बटणाला नाही.

इथे क्रमही महत्त्वाचा. आधी बटणाने मोटार थांबवायची, भार उतरवायचा आणि मगच आयसोलेटर ओढायचा. भार चालू असताना आयसोलेटर ओढला तर पात्यांमध्ये ठिणगीचा लोळ उठतो आणि ओढणाऱ्याचा चेहरा भाजतो. साधा आयसोलेटर भार तोडण्यासाठी बनवलेलाच नसतो.

आता कुलूप कधी? सरळ उत्तर असे. अचानक वीज आली किंवा मशीन फिरले तर ज्याच्या शरीराला इजा होईल अशा जागी माणसाचा हात, पाय, डोके किंवा अख्खे शरीर जाणार असेल, तेव्हा प्रत्येक वेळी. अडकलेला माल काढताना. पाती, पट्टा, बेअरिंग बदलताना. जाळी किंवा झाकण काढून आत काम करताना. मिक्सर, टाकी, बॉयलर, कन्व्हेयरखालचा खड्डा अशा ठिकाणी माणूस उतरताना. मोटारीच्या किंवा पॅनेलच्या वायरी सोडताना. काम अर्धवट ठेवून जेवायला जाताना. पाळी बदलताना तर नक्कीच, कारण माझ्या पक्षकाराचा हात त्याच पाच मिनिटांत गेला.

कुलपाची गरज नसते ती कधी? ड्रिल मशीन, ग्राइंडर यांसारख्या पिनवाल्या यंत्राची पिन काढून ती काम करणाऱ्याने स्वतःच्या हाताशी, स्वतःच्या ताब्यात ठेवली असेल तर. किंवा जाळीच्या बाहेर राहूनच किरकोळ नेहमीचे काम होत असेल तर. वीज आहे की नाही हे मोजतानाही स्विच चालू ठेवावा लागतो. पण ते काम जाणकार, परवानगी असलेल्या माणसाचे, योग्य हातमोजे आणि साधने घेऊन करायचे. हेल्परला ‘‘जरा टेस्टर लावून बघ रे’’ म्हणून पाठवायचे ते काम नव्हे.

यावर मालक आणि सुपरवायझर दोन हरकती घेतात. पहिली, ‘‘दोन मिनिटांचे तर काम आहे.’’ बोटे जायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मोटार पूर्ण वेग घेते ती काही सेकंदांत. आणि रोजची छोटी कामेच सर्वांत धोक्याची असतात, कारण मोठ्या दुरुस्तीला इंजिनीयर हजर असतो, छोट्या कामाला फक्त हेल्पर.

दुसरी हरकत जास्त फसवी आहे. ‘‘स्विच डोळ्यांसमोर आहे, कोण हात लावणार?’’ स्विच मशीनजवळ, नजरेच्या टप्प्यात असणे चांगलेच आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेत मोटारीचा स्विच नजरेच्या टप्प्यात आणि ५० फुटांच्या आत असण्याची संकल्पना आहे. पण नजर कुणाची? ज्या माणसाचे डोके हॉपरमध्ये आहे, जो खड्ड्यात उतरला आहे, जो मोटारीखाली पाठीवर झोपून बोल्ट खोलतो आहे, त्याच्या डोळ्यांसमोर स्विच कसा असेल? त्याच्या डोळ्यांसमोर असते ते लोखंड. म्हणून स्विच दहा फुटांवर असो की दोनशे फुटांवर, शरीर आत गेले की कुलूप लागलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी नीट ऐकावी. स्विच चालू करायला प्रत्येक वेळी माणूसच लागतो असे नाही. टाकीतले पाणी खाली गेले की फ्लोटवर पंप आपोआप सुरू होतो. दाब उतरला की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. शेतातल्या मोटारीला ऑटो लावलेला असतो. रात्री कृषी फिडरला वीज आली की ती अंधारात एकटीच धडधडू लागते. भारनियमनाच्या काळात किती जणांनी ‘‘लाइट गेलीच आहे, तेवढ्यात वायर जोडून घेऊ’’ म्हणत उघड्या हातांनी तारा धरल्या! वीज गेली आहे याचा अर्थ वीज बंद केली आहे असा होत नाही. जी आपण बंद केलेली नाही, ती कधी परत येईल हे आपल्या हातात नसते.

पाटी लावली तर चालणार नाही का, असेही विचारतात. ‘काम चालू आहे, स्विच चालू करू नये’ अशी पाटी हवीच. तिच्यावर काम करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ हवी. पण पाटी ही विनंती आहे, कुलूप हा अडथळा आहे. पाटी वाचायला उजेड लागतो, अक्षरओळख लागते, वाचायची इच्छा लागते. परराज्यातून आलेल्या कामगाराला मराठी पाटी कळत नाही, आपल्या कामगाराला इंग्रजी कळत नाही. कुलपाला भाषा लागत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये या विषयावर स्वतंत्र नियम झाला. ज्या स्विचला कुलूप लागू शकते तिथे कुलूप हीच त्याची मूळ अपेक्षा आहे. २ जानेवारी १९९० नंतर नवीन बसवलेल्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या यंत्राचा स्विच कुलूप लागेल असाच असला पाहिजे, असे त्याने ठरवून टाकले. आपल्याकडेही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक औद्योगिक स्विचच्या हँडलला भोक असतेच. भोक बनवणाऱ्याने ठेवले, कुलूप लावणाऱ्याने लावले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किल्ली कुणाच्या खिशात?

नियम साधा आहे. जितकी माणसे आत, तितकी कुलपे बाहेर. एक फिटर, एक इलेक्ट्रिशियन आणि दोन हेल्पर एकाच मशीनवर काम करत असतील तर चार कुलपे. त्यासाठी सहा भोकांची एक कडी मिळते. ती स्विचला अडकवायची आणि प्रत्येकाने आपापले कुलूप तिच्या भोकात घालायचे. शेवटचा माणूस आपले कुलूप काढत नाही तोवर स्विच हलत नाही. फिटरचे काम आटोपले म्हणून तो मशीन चालू करू शकत नाही, कारण हेल्परचे कुलूप अजून तिथे आहे. त्या घटकेला हेल्परचे कुलूप मॅनेजरच्या हुकमापेक्षा मोठे असते. प्रत्येक कुलपाला एकच किल्ली, ती ज्याची त्याच्याकडे. कुलूप लावणारानेच कुलूप काढायचे. पाळी बदलली तर येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावायचे, मग जाणाऱ्याने आपले काढायचे. मध्ये एक क्षणही स्विच मोकळा राहता कामा नये. एखादा कुलूप लावून घरी निघून गेलाच, तर तो आवारात नाही याची खात्री करून, त्याला गाठायचा प्रयत्न करून, जबाबदार अधिकाऱ्याने ते काढायचे आणि तो कामावर परतण्याआधी त्याला तसे कळवायचे. हातोडा घेऊन तोडायचे नाही.

कुलूप लावले की काम झाले असेही नाही. एकदा हिरवे बटण दाबून पाहायचे. मशीन हलले नाही तर बरोबर स्विच बंद केला आहे. अनेक अपघात शेजारच्या मशीनचा स्विच पाडल्याने होतात. पॅनेलवरची नावे पुसलेली असतात, मशीन हलवलेले असते, वायरी बदललेल्या असतात. तारांना हात लावायचा असेल तर टेस्टर आधी चालू जागेवर तपासायचा, मग आपल्या तारांवर लावायचा, मग पुन्हा चालू जागेवर. बिघडलेला टेस्टर ‘वीज नाही’ असेच सांगतो. आधुनिक ड्राइव्हमध्ये आणि कपॅसिटरमध्ये स्विच पाडल्यावरही काही मिनिटे वीज साठून राहते. ती उतरेपर्यंत थांबायचे. वर उचललेला प्रेस, ताणलेली स्प्रिंग, फिरते चाक यांना विजेचे कुलूप थांबवत नाही. त्यांना टेकू द्यायचा, त्यांची गती मरू द्यायची.

कारखान्याबाहेर, खांबावर, हीच गोष्ट अधिक जीवघेणी होते. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर काम करायचे तर उपकेंद्रातून परमिट घ्यावे लागते. यंत्रचालक ब्रेकर पाडतो, आयसोलेटर उघडतो. जागेवरचा एबी स्विच उघडून त्याच्या खालच्या हँडलला कुलूप लावायचे असते. मग तपासणी, मग अर्थिंग, मगच खांबावर चढायचे. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. पुस्तकात हे सगळे आहे. गावात काय होते? एक फोन. ‘‘लाइन बंद केली का?’’ ‘‘केली.’’ आणि खांबावर चढतो कोण? ज्याला गावात ‘झिरो वायरमन’ म्हणतात तो. त्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याला गणवेश नाही, विमा नाही, परमिट घ्यायचा अधिकारही नाही. अधिकृत माणूस खाली मोटारसायकलवर बसून असतो. फोनवर फिडरचे नाव चुकते, दुसऱ्या गावातून ‘चालू करा’ असा दुसरा फोन येतो, आणि पोरगा तारेला चिकटतो. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, ‘विजेचा धक्का लागून तरुणाचा मृत्यू’. कुणाचा स्विच, कुणाचे कुलूप, कुणाचा फोन, हे त्या चार ओळींत नसते.

आणि लाइनीवर एका टोकाचे कुलूप पुरेसे नसते. वीज उलटी येते. एखाद्या मंगल कार्यालयाने किंवा दुकानाने चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर ती वीज मीटरमधून मागे डीपीकडे जाते. तिथला ट्रान्सफॉर्मर एरवी अकरा हजारांचे चारशे करतो. उलटीकडून चारशे मिळाले की तो त्याचे अकरा हजार करतो. उपकेंद्रात कुलूप आहे, परमिट आहे, आणि तरी तारेत मृत्यू आहे. म्हणूनच कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे असते. लाइनीवर कुलूप आणि अर्थिंग ही जोडी आहे. एकाला सोडून दुसरे पुरत नाही.

आता कायद्याकडे. कायद्यात काहीच नव्हते असे समजू नका. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २४ मध्ये स्पष्ट तरतूद होती. वीज तोडणारे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’ होऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था हवी, असे पोटकलम ३ सांगत होते. तारा आणि उपकरणे हाताळण्याआधी ती विद्युतभारमुक्त करावीत आणि काम चालू असताना त्यांत चुकून वीज येणार नाही याची तजवीज करावी, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते, पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आले. त्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. या संहितेत कामाची जागा इजा करणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य कलम ६ ने मालकावर टाकले आहे. कलम १४ ने कामगाराला आपल्या सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा अधिकार दिला आहे. नियुक्तिपत्र देणेही मालकाचे कर्तव्य केले आहे. हे चांगले आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या केंद्रीय कायद्यात १० कामगारांवरून २० वर नेली, हेही याच संहितेने केले. माझ्या पक्षकाराचा हात गेला तो कारखाना चौदा माणसांचा होता. पात्याला मात्र कामगार मोजता येत नाहीत.

आपल्या वाचकांना इथे एक आठवण द्यावीशी वाटते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच खात्याकडे वीजही होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते याच काळात, आणि कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्तीही १९४६ चीच. देशाची वीज आणि त्या विजेवर राबणारा माणूस ही दोन्ही खाती त्या वेळी एकाच टेबलावर होती. पुढे ती वेगळी झाली. वीज तिच्या वाटेने पुढे गेली, कामगार त्याच्या वाटेने मागे राहिला.

आता भरपाईचा मुद्दा. माझ्या खटल्यात मालकाच्या वकिलाने दोन गोष्टी मांडल्या. एक, कामगाराने सुरक्षेचे नियम मोडले. दोन, कामगार ठेकेदाराचा, आमचा नाही. दुसऱ्याचे उत्तर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ मध्येच होते. ठेकेदाराच्या माणसाचीही भरपाई मूळ मालकाने द्यायची, नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची. पहिल्याचे उत्तर जास्त रंजक होते. जाणूनबुजून नियम मोडल्याचा बचाव मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर मालकाला मिळतच नव्हता. म्हणून ते म्हणाले, अनुसूचीप्रमाणे एक हात म्हणजे ६० टक्के, संपूर्ण नव्हे. मी सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा १९७५ चा निकाल पुढे ठेवला. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण धरले गेले. एका हाताने हमालीही होत नाही, मशीनही चालत नाही. न्यायालयाने ते मान्य केले. आणि नियम मोडल्याचे म्हणाल तर, जे कुलूप दिलेच नाही ते न लावल्याचा दोष कामगारावर कसा?

तारेवरच्या अपघातांसाठी आणखी एक निकाल लक्षात ठेवा. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी, २००२. रस्त्यात तुटून पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, वीज ही मुळातच धोक्याची वस्तू आहे, ती पुरवणाऱ्याची चूक सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी त्याचीच.

पण निकाल पुराव्यावर उभे राहतात आणि पुरावा पहिल्या दोन दिवसांत नाहीसा होतो. अपघातानंतर रातोरात स्विचला कुलूप येते, भिंतीवर पाटी येते, प्रशिक्षणाच्या वहीवर जुन्या तारखेने अंगठे उमटतात. म्हणून कार्यकर्त्यांनो, बातमी कळली की आधी स्विचचा फोटो काढा. हँडल, भोक, पाटी आहे की नाही, मशीनपासूनचे अंतर. पंचनाम्यात ‘कुलूप नव्हते’ हे शब्द येतील असे पाहा. उपकेंद्राची लॉगबुक, परमिट बुक, फोनची नोंद मागा. नुसती अकस्मात मृत्यूची नोंद करून पोलीस मोकळे होत असतील तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवण्याचा लेखी अर्ज द्या. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. त्याआधीच्या घटनेला जुने ३०४-अ. आणि ठेकेदार लाखभर रुपये घेऊन दारात आला तर कोऱ्या कागदावर सही करू नका.

हे झाले अपघातानंतरचे. मला तळमळ आहे ती आधीची. आपली मुले आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन, फिटर होऊन बाहेर पडतात. त्यांनी पहिल्या पगारातून स्वतःचे एक चांगले कुलूप घ्यावे असे मी म्हणणार नाही. ते देणे मालकाचे काम आहे. पण ते मागावे. लेखी मागावे, दोघा-चौघांनी मिळून मागावे, अर्जाची पोच घ्यावी. ‘‘आमच्या मशीनच्या स्विचला कुलूप द्या आणि किल्ली आम्हाला द्या,’’ एवढे एक वाक्य पुरे. देणार नाहीत तर त्यांना ठाऊक होते याचा तो पुरावा होतो. आणि आपल्यातले जे सुपरवायझर झाले आहेत, त्यांना माझे एक सांगणे आहे. किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या कमरेला लावण्यात मोठेपणा नाही. तो वाटून टाका.

स्वतःच्या अंगणातलेही बोलू. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीत रोषणाई सुरू होते. पोरे शिडी लावून खांबावर चढतात, आकडा टाकतात, ओल्या हाताने वायर सोलतात. खाली कोणीतरी मेन स्विचपाशी उभा असतो आणि मोबाइलवर बोलत असतो. जयंती मंडळांनी ठरवावे. तात्पुरती वीजजोडणी रीतसर घ्यायची. खांबाला आपण हात लावायचा नाही. मंडपाच्या मेन स्विचला कुलूप असेल. जो पोरगा वर आहे, किल्ली त्याच्याच खिशात असेल. जनरेटर असेल तर चेंजओव्हरशिवाय जोडायचा नाही. बाबासाहेबांच्या नावाने लावलेल्या दिव्याखाली एकाही आईचे घर अंधारात जाता कामा नये.

माझ्या त्या पक्षकाराने भरपाईच्या पैशातून किराणा दुकान टाकले. डाव्या हाताने हिशोब लिहायला शिकला. मागच्या वर्षी त्याच्या दुकानात गेलो होतो. संध्याकाळी दुकान बंद करताना शटर खाली ओढले, कुलूप लावले, हिसका देऊन पाहिले आणि किल्ली खिशात टाकली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, साखरेच्या पोत्यासाठी एवढी काळजी घेतो माणूस.’’

पुढचे वाक्य तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.